घटक ५ : बहुमाध्यमी पत्रकारिता – एक बातमी, चार रूपे

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –

- एकाच घटनेची बातमी वृत्तपत्र, आकाशवाणी, दृक्-श्राव्य माध्यम आणि मोबाइलवरील सूचना यांसाठी वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येईल.
- माध्यम बदलले की मराठी वाक्यरचना का आणि कशी बदलते, हे स्पष्ट करता येईल.
- साध्या मोबाइलवर ध्वनिमुद्रण व चित्रण करताना घ्यावयाची काळजी सांगता येईल.
- प्रसिद्धीपूर्वी माहितीची पडताळणी करता येईल व संबंधित व्यक्तीच्या संमतीचा विचार करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्याच्या पृष्ठांवर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जात असे. १९२७ मध्ये मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले, तर २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले. छापील शब्द, ऐकू येणारा शब्द आणि चित्रासोबत येणारा शब्द अशा तीन टप्प्यांतून मराठी बातमी गेली. या प्रत्येक टप्प्याचे कसब वेगळे होते आणि ते जाणणारी माणसेही बहुधा वेगळी असत.

आज ही तिन्ही कामे एकाच बातमीदाराकडे येतात. घटनास्थळी गेलेला बातमीदार मजकूर लिहितो, आवाज मुद्रित करतो, चित्रण करतो आणि मोबाइलवर झळकणारी एका ओळीची सूचनाही तयार करतो. यालाच बहुमाध्यमी पत्रकारिता म्हणतात. हे काम शिकायचे म्हणजे यंत्रे वापरायला शिकायचे, असा अनेकांचा समज असतो. यंत्राची माहिती आवश्यक आहे, पण ती आठवडाभरात होते. वाचणाऱ्याचा डोळा, ऐकणाऱ्याचा कान आणि पाहणाऱ्याचे लक्ष यांच्या गरजा ओळखून वाक्य घडवणे, आणि ज्याच्याविषयी ते वाक्य आहे त्याच्यावर होणारा परिणाम ओळखणे, यास अधिक काळ लागतो. भाषेच्या विद्यार्थ्याला या कामात स्वाभाविक अधिकार आहे. म्हणूनच मराठी विषयाच्या अभ्यासक्रमात या घटकाचा समावेश केला आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ प्रत्यक्ष काम करून शिकणे

पत्रकारिता वर्गात शिकवता येते का, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाने १९०८ मध्ये पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय सुरू केले, तेव्हा या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. अध्यापन सुरू झाले त्याच दिवशी, १४ सप्टेंबर १९०८ रोजी, विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. हे वृत्तपत्र शहरातील सामान्य वाचकांसाठी होते. त्यामुळे विद्यार्थ्याची चूक केवळ उत्तरपत्रिकेत राहत नसे, ती गावापुढे येई. पुढे १९५३ मध्ये त्याच विद्यापीठाची दूरचित्रवाणी वाहिनीही सुरू झाली. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात सामुदायिक नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि विद्यापीठाच्या आवारातून परिसरातील लोकांसाठी कार्यक्रम होऊ लागले.

आणखी एक उदाहरण दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना जवळचे वाटेल. उत्तर प्रदेशातील चित्रकूट जिल्ह्यात २००२ मध्ये ‘खबर लहरिया’ हे पत्र सुरू झाले. ते ग्रामीण स्त्रिया चालवत आणि त्याची भाषा बुंदेली होती. पुढे या बातमीदार स्त्रिया छापील अंकाकडून मोबाइलवरील चित्रणाकडे वळल्या. स्टुडिओ नाही, राजधानीचे शहर नाही, अशा स्थितीतही हे काम शिकता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती वा घर सांभाळून शिकत आहात. तुमच्याकडे महाविद्यालयाची प्रयोगशाळा नाही, परंतु तुमच्या भोवती गाव आहे, तेथील बोली तुम्हाला अवगत आहे आणि लोक तुम्हाला ओळखतात. बाहेरून आलेल्या बातमीदाराला ही शिदोरी मिळवायला काही वर्षे लागतात. मात्र ओळख हीच अडचणही ठरू शकते. ज्याच्याविषयी लिहायचे तो आपला नातलग असेल, तर ती बातमी दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवावी अथवा ते नाते बातमीतच स्पष्ट करावे.

५.३.२ एक घटना, चार रूपे

पुढील विवेचनासाठी एक काल्पनिक घटना घेऊ. तुमच्या गावाहून तालुक्याला जाणारी सकाळी साडेसहाची एसटी सोमवारपासून बंद झाली आहे. त्या गाडीने ४२ विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात जात. पुढची गाडी साडेनऊला आहे. चालक कमी असल्याने फेरी बंद ठेवली, असे आगार व्यवस्थापकांचे म्हणणे आहे.

*(अ) वृत्तपत्रासाठी :* “सकाळी साडेसहाची तालुक्याला जाणारी एसटीची फेरी सोमवारपासून बंद झाल्याने गावातील ४२ विद्यार्थ्यांना साडेनऊच्या गाडीवर अवलंबून राहावे लागत असून, त्यांचे पहिले दोन तास बुडत आहेत.”

हे वाक्य लांब आहे, तरी कागदावर चालते. वाचक अडला तर मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. कोण, काय, कोठे, केव्हा, का, कसे या सहा ककारांपैकी बहुतेकांची उत्तरेही येथे मिळतात.

*(आ) आकाशवाणीसाठी :* “गावची सकाळी साडेसहाची एसटी सोमवारपासून बंद आहे. या गाडीने बेचाळीस मुलेमुली तालुक्याच्या महाविद्यालयात जात होती. आता पुढची गाडी साडेनऊला. ती येईपर्यंत त्यांचे दोन तास बुडालेले असतात.”

*(इ) चित्रफितीच्या निवेदनासाठी :* पडद्यावर रिकामा बसथांबा दिसत असताना “बसथांबा रिकामा आहे” असे सांगण्याची गरज नाही. चित्र जे सांगू शकत नाही ते निवेदनाने सांगावे – “गेल्या सोमवारपर्यंत या वेळी येथे बेचाळीस विद्यार्थी उभे असत.”

*(ई) मोबाइलवरील सूचनेसाठी :* “साडेसहाची एसटी बंद, ४२ विद्यार्थ्यांचे दोन तास बुडतात.” अनेकजण एवढीच ओळ वाचतात आणि पुढे जातात. त्यामुळे ती स्वतंत्रपणे खरी असली पाहिजे. “गावातील विद्यार्थ्यांवर कोसळले संकट, पाहा काय घडले” अशी ओळ कुतूहल चाळवते, पण माहिती देत नाही.

५.३.३ कानासाठी मराठी वाक्य

मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. विशेषणात्मक वाक्यांश नामाच्या आधी रचत जाण्याची सोयही आपल्या भाषेत आहे. या दोहोंमुळे छापील वाक्य लांबवता येते, पण ऐकणाऱ्याला क्रियापद येईपर्यंत सर्व काही स्मरणात धरून बसावे लागते. म्हणून श्राव्य माध्यमासाठी लिहिताना पुढील चार गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. नकार शेवटी येतो. “ही फेरी पुढील आदेशापर्यंत सुरू होणार नाही” या वाक्यातील ‘नाही’ रस्त्याच्या आवाजात हरवला, तर श्रोत्यापर्यंत उलटी बातमी पोहोचते आणि कोणी पहाटे विनाकारण थांब्यावर येऊन उभा राहतो. “ही फेरी पुढील आदेशापर्यंत बंदच राहणार आहे” असे लिहिल्यास हा धोका टळतो.

२. बोलणाऱ्याचे नाव आधी यावे. छापील मजकुरात “‘चालक कमी असल्याने फेरी बंद ठेवली आहे’, असे आगार व्यवस्थापकांनी सांगितले” ही रचना रूढ आहे. तेथे अवतरणचिन्हे वाचकाला सावध करतात. ऐकताना ती चिन्हे नसतात. त्यामुळे वाक्याचा शेवट येईपर्यंत ते विधान निवेदकाचेच वाटते. “आगार व्यवस्थापकांचे म्हणणे आहे की, चालक कमी असल्याने फेरी बंद ठेवली आहे” ही रचना कानासाठी योग्य होय.

३. संख्या कानाला झेपाव्यात. मराठीतील संख्यावाचक शब्द एकमेकांसारखे ऐकू येतात. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’, ‘सदुसष्ट’ आणि ‘अडुसष्ट’ यांची गल्लत सहज होते. एका वाक्यात एकच संख्या घ्यावी. अचूक आकडा आवश्यक नसेल तेथे ‘सव्वाशे’, ‘दीड हजार’, ‘निम्मे’ असे बोलभाषेतील शब्द वापरावेत.

४. मजकूर मोठ्याने वाचून पाहावा. लिहिलेला मजकूर घड्याळ लावून वाचावा आणि एका मिनिटात आपले किती शब्द होतात याची नोंद ठेवावी. जेथे दम लागतो तेथे वाक्य तोडावे.

५.३.४ कर्ता कोठे गेला?

कार्यालयीन मराठीत ‘-ण्यात आले’ ही रचना फार आढळते. “फेरी बंद करण्यात आली”, “विद्यार्थ्यांना कळवण्यात आले होते”, “योग्य ती कार्यवाही करण्यात येईल”. या वाक्यांत क्रिया आहे, पण ती करणारा नाही. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष असते. बातमीदाराच्या दृष्टीने मात्र ते अपुरे असते. फेरी कोणी बंद केली, आगाराने की विभागाने? कळवले कोणाला, सरपंचांना, प्राचार्यांना की कोणालाच नाही? कार्यवाही कोण करणार आणि केव्हापर्यंत? आपल्या मसुद्यात ‘-ण्यात आले’ जेथे जेथे आले असेल तेथे रेघ मारावी आणि वगळलेला कर्ता शोधावा. तो सापडला नाही, तर दूरध्वनी करण्याचे एक काम शिल्लक आहे असे समजावे.

हीच दक्षता कथनवाचक क्रियापदांबाबत घ्यावी. ‘सांगितले’ हे तटस्थ क्रियापद आहे. ‘दावा केला’ म्हटल्यावर अविश्वास सूचित होतो, तर ‘कबूल केले’ म्हटल्यावर बोलणाऱ्याकडे दोष जातो. आगार व्यवस्थापकांनी चालक कमी असल्याचे ‘सांगितले’ की ‘कबूल केले’, यावर त्यांची प्रतिमा बदलते. पुरावा नसताना शब्दाने निवाडा करू नये.

५.३.५ बोली आणि सन्मान

मुलाखत देणारी व्यक्ती वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी वा अन्य बोली बोलत असेल, तर ध्वनिमुद्रणात ती जशीच्या तशी ठेवावी. तिला “शुद्ध बोला” असे सांगू नये. ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेतच तो नेमके सांगू शकतो.

लेखनात मात्र एक अन्याय नकळत घडतो. अधिकाऱ्याचे बोलणे प्रमाण मराठीत छापले जाते आणि शेतकरी वा मजूर स्त्रीचे बोलणे उच्चारांच्या खुणांसह. वास्तविक दोघेही बोलताना प्रमाणभाषेपासून दूर गेलेले असू शकतात. एकाचे बोलणे सुधारून घ्यायचे आणि दुसऱ्याचे तसेच ठेवायचे, यामुळे वाचकाच्या मनात नकळत उच्चनीचता निर्माण होते. म्हणून एकच नियम करावा : बोली ठेवायची तर सर्वांची, प्रमाणरूप द्यायचे तर सर्वांना.

५.३.६ मोबाइलवर ध्वनी आणि चित्र

*ध्वनिमुद्रण :*

- मोबाइल ‘विमान स्थिती’त ठेवावा, म्हणजे मध्येच येणारा दूरध्वनी मुद्रण बिघडवणार नाही.
- मोबाइल बोलणाऱ्याच्या तोंडापासून सुमारे एक वीत अंतरावर, किंचित बाजूला धरावा. अगदी समोर धरल्यास ‘प’, ‘फ’, ‘भ’ या वर्णांच्या वेळी श्वासाचा फटका मुद्रित होतो.
- प्रथम नाव व गाव विचारून आवाजाची पातळी तपासावी आणि ते मुद्रण ऐकून पाहावे.
- ऐकताना “हं, हं” न म्हणता मानेने प्रतिसाद द्यावा.
- मुलाखत संपल्यावर त्याच जागी अर्धा मिनिट कोणीही न बोलता पार्श्वध्वनी मुद्रित करावा. संपादन करताना दोन वाक्यांतील सांधा झाकण्यासाठी तो लागतो.

*चित्रण :*

- मोबाइलचे भिंग पुसावे. साठवणुकीची जागा आणि बॅटरी पाहून घ्यावी.
- बातमी कोठे दाखवली जाणार आहे त्यानुसार मोबाइल आडवा वा उभा धरावा आणि संपूर्ण चित्रणात तीच स्थिती ठेवावी.
- प्रकाश चित्रण करणाऱ्याच्या पाठीमागे असावा. बोलणाऱ्याच्या पाठीमागे असल्यास त्याचा चेहरा काळा दिसतो.
- प्रत्येक दृश्य मनात दहापर्यंत मोजून स्थिर धरावे. जवळचे दृश्य हवे असल्यास स्वतः जवळ जावे.
- एका कृतीची किमान पाच दृश्ये घ्यावीत : हात, चेहरा, हात व चेहरा एकत्र, खांद्यामागून दिसणारे दृश्य आणि संपूर्ण परिसर.

आपल्या उदाहरणात थांब्यावर वही उघडून अभ्यास करणारा विद्यार्थी या पाच दृश्यांत टिपता येईल. आरंभी तीन-चार सेकंद केवळ पहाटेचा आवाज, मग निवेदन, नंतर विद्यार्थ्याचे बोलणे, त्यापुढे आगार व्यवस्थापकांची बाजू आणि शेवटी साडेनऊची गाडी, एवढ्या क्रमाने दीड मिनिटाची चित्रफीत सिद्ध होते.

छायाचित्राखालील ओळीत दिसणारी गोष्ट पुन्हा सांगण्याऐवजी व्यक्ती, स्थळ आणि वेळ नोंदवावी. छायाचित्र मंगळवारी काढले असेल तर ‘सोमवारी’ असे लिहू नये. प्रसंग पुन्हा करवून घेतला असेल तर तसे नमूद करावे. बातमीदाराच्या सांगण्यावरून थांब्यावर गोळा झालेले विद्यार्थी आणि गाडीची वाट पाहणारे विद्यार्थी छायाचित्रात सारखेच दिसतात. त्यांतील फरक सांगणे ही बातमीदाराची जबाबदारी आहे.

५.३.७ पडताळणी आणि संमती

समजा, याच काळात गावाच्या व्हॉट्सॲप गटावर बंद पडलेल्या एसटीची एक चित्रफीत येते आणि “आपलीच गाडी” असे कोणी लिहितो. ती बातमीत घेण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत. चित्रण कोणी केले? पाठवणाऱ्याने स्वतः केले नसेल तर मूळ व्यक्ती कोण? मूळ फाइल मिळेल का? गाडीवरील पाटी, क्रमांक, दुकानांचे फलक, पिकांची स्थिती यांवरून स्थळ व ऋतू जुळतो का? त्यातील एखादे स्थिरचित्र घेऊन प्रतिमाशोध केला, तर ती आधी अन्यत्र प्रसिद्ध झाल्याचे दिसते का? आगाराचे म्हणणे काय? दहाजणांनी पुढे पाठवलेली चित्रफीत म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. मूळ स्रोत एकच असेल, तर साक्षीदारही एकच.

आता एका अधिक नाजूक प्रसंगाचा विचार करू. थांब्यावरील सोळा वर्षांची मुलगी कॅमेऱ्यासमोर म्हणते, “गाडी बंद झाल्यापासून घरचे म्हणतात, कॉलेज सोड.” या एका वाक्याने तुमची बातमी परिणामकारक होईल, यात शंका नाही. पण ती चित्रफीत संध्याकाळी तिच्या घरीही पाहिली जाईल. त्यानंतर तिचे शिक्षण सुरू राहील की थांबेल, हे तुम्ही घेतलेल्या निर्णयावर अवलंबून असू शकते.

लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख माध्यमांनी उघड करण्यास २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने मनाई आहे. आपल्या उदाहरणातील मुलीला हा कायदा लागू होत नाही, तरी बालकाचे हित बातमीपेक्षा मोठे असते, हे त्यामागील तत्त्व येथेही लागू पडते. अशा वेळी चार मार्ग आहेत : तिचे बोलणे तिला ऐकवून ते कोठे दिसेल हे समजावून सांगणे, तिची व पालकांची संमती घेणे, नाव, चेहरा आणि आवाज वगळून केवळ आशय देणे, अथवा ते वाक्य न वापरणे. पालकांनाच विचारल्याने ती अडचणीत येणार असेल, तर शेवटचे दोन मार्गच उरतात. तिच्या वाक्यातून मिळालेला प्रश्न मात्र टाकून देऊ नये. गाडी बंद झाल्यापासून किती मुलींची उपस्थिती घटली, हे प्राचार्यांना विचारता येईल. कोणाचेही नाव न घेता तीच व्यथा आकड्यांनिशी मांडता येईल आणि ती आगाराला टाळताही येणार नाही.

५.४ सारांश

बहुमाध्यमी पत्रकारितेत एकाच घटनेची अनेक रूपे सिद्ध करावी लागतात. वाचक मागे जाऊ शकतो, श्रोता जाऊ शकत नाही आणि प्रेक्षकाला चित्र आधीच काही सांगत असते. त्यानुसार वाक्याची लांबी, नकाराचे स्थान, वक्त्याचा उल्लेख आणि संख्यांची मांडणी बदलते. ‘-ण्यात आले’ या रचनेतील लुप्त कर्ता शोधणे, कथनवाचक क्रियापद जपून निवडणे आणि बोलीला समान वागणूक देणे ही भाषेची व नीतीची अशी दुहेरी कौशल्ये आहेत. तंत्र, पडताळणी आणि संमती यांची जोड मिळाल्यावरच बातमी प्रसिद्धीस योग्य होते.

५.५ पारिभाषिक शब्द

*पार्श्वध्वनी* – घटनास्थळी स्वाभाविकपणे असणारा आवाज.
*निवेदन* – चित्र वा ध्वनी यांना जोडून येणारा बातमीदाराचा बोललेला मजकूर.
*बाइट* – मुलाखतीतून निवडलेला बोलण्याचा छोटा अंश.
*फोटोओळ* – छायाचित्राखालील माहितीपर ओळ.
*प्रतिमाशोध* – एखादे चित्र यापूर्वी कोठे प्रसिद्ध झाले आहे, हे महाजालावर पाहण्याची पद्धत.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्न

(अ) चूक की बरोबर ते सांगा.
१. श्राव्य बातमीत वक्त्याचा उल्लेख विधानानंतर करावा.
२. चित्रात दिसणारी गोष्ट निवेदनात पुन्हा सांगण्याची गरज नसते.
३. अनेकांनी पुढे पाठवलेली चित्रफीत आपोआप विश्वसनीय ठरते.

(आ) श्राव्य माध्यमासाठी पुनर्लेखन करा.
“‘पाणीपुरवठा गुरुवारपर्यंत सुरळीत होणार नाही’, असे नगरपरिषदेच्या अभियंत्यांनी सांगितले.”

५.७ उत्तरे

(अ) १. चूक, २. बरोबर, ३. चूक.
(आ) “नगरपरिषदेच्या अभियंत्यांनी सांगितले की, पाणीपुरवठा गुरुवारपर्यंत विस्कळीतच राहील.” (अन्य रचनाही योग्य ठरू शकते. वक्ता आधी आला का आणि नकार ऐकण्यात हरवण्याचा धोका टळला का, हे तपासावे.)

५.८ उपक्रम

तुमच्या परिसरातील एक सार्वजनिक सेवा निवडा : बस, पाणी, स्वस्त धान्य दुकान, ग्रंथालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. तेथील एका प्रश्नावर किमान तीन व्यक्तींशी बोला. त्यांपैकी एक जबाबदार अधिकारी असावा. दीडशे शब्दांची छापील बातमी, एका मिनिटाची श्राव्य बातमी, दीड मिनिटाची चित्रफीत आणि एका ओळीची सूचना तयार करा. श्राव्य बातमी घरातील एका व्यक्तीला एकदाच ऐकवा आणि तिला काय समजले ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. तिने सांगितलेला आशय आणि तुमचा मजकूर यांत जेथे तफावत आढळेल, तेथील वाक्य पुन्हा लिहा. दोन्ही मसुदे संपर्क सत्राच्या वेळी सोबत आणावेत.